पंचफुला थक्क व्हायला शिकली

अमरावतीच्या बाजारात पंचफुला माझ्या डाव्या हाताला बसायची. माझं भाजीचं दुकान, तिचं फळांचं. दुकान म्हणजे काय, वर ताडपत्री आणि खाली पोतं. लग्न होऊन आम्ही दोघी साधारण एकाच सुमाराला बाजारात आलो आणि म्हाताऱ्याही तिथेच झालो. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून मी कशालाही "वा" ऐकलं नाही.

लोक म्हणायचे, बाई खडूस आहे. खडूस मी आहे. पंचफुलाचं वेगळं होतं. तिचा चेहरा धंद्याने तसा झाला होता.

फळं विकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सकाळी माल घ्यायला गेलं आणि चांगली संत्री दिसली तर डोळे मोठे करायचे नाहीत. दलाल संत्र्याकडे बघत नसतो, तुमच्या डोळ्यांकडे बघत असतो. डोळे हलले की भाव चढला. म्हणून आम्ही सगळ्याच माल बघताना तोंड पाडून उभ्या राहतो. पण दुपारी घरी आल्यावर आमची तोंडं सुटतात. आम्ही सुनेच्या चहाला नावं ठेवतो, नातवाचे मुके घेतो. पंचफुलाचं तोंड घरीही सुटायचं नाही. तिने सगळं जग लिलावात मांडल्यासारखं बघितलं.

एकदा आम्ही शेंदूरजनाघाटला एका माणसाची बाग बघायला गेलो होतो. झाडं अशी लगडली होती की फांद्यांना टेकू दिले होते. मला वाटलं, आता तरी ही काही बोलेल. तिने सगळी बाग फिरून पाहिली, एक फळ तोडलं, हुंगलं, पदरात टाकलं आणि विचारलं, "पानी कोठून देता भाऊ?"

माणूस घाबरला. "काहून मावशी? काही रोग दिसून राहिला काय?"

"म्या कुठी म्हटलं रोग?"

"मंग चांगला हाये ना माल?"

"माल हाये," पंचफुला म्हणाली.

आम्ही निघालो तेव्हा तो बिचारा स्वतःच्याच झाडांखाली उभा राहून वर बघत होता. त्याला त्याच्याच संत्र्यांचा संशय यायला लागला होता.

विकतानाही ती तशीच. गिऱ्हाइकाने विचारलं, गोड आहेत का, तर म्हणायची, "खाऊन पाह्य." वजन झाल्यावर वरून एक फळ जास्त टाकायची, पण रागावल्यासारखं. "हे घे. नाई तं सडूनच जाईन." नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे जात नसत.

नवरा लवकर गेला. मुलगा एकच, निखिल. तो अकोल्याला शेतीचं शिकला, फर्स्ट क्लासमध्ये पास झाला. पेढे घेऊन बाजारात आला तेव्हा त्याने आधी आईपुढे खोका धरला. तिने पेढा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाली, "साखर जादा झाली." पोराचं तोंड उतरलं. मी तिला म्हटलं, "अवो, पोरगा पास झाला. दोन शब्द बोल."

"पास होयालेच तं धाडला होता," ती म्हणाली. "नापास झाला असता तं बोलली असती."

संध्याकाळी मात्र तिने त्या खोक्यातला शेवटचा पेढा मलाही दिला नाही. पदराच्या टोकाला बांधून घरी नेला. हे मी पाहिलं होतं, म्हणून सांगते.

निखिल पुढे संत्र्याच्या कलमांचं शिकायला स्पेनला गेला. तिथे वालेन्सिया नावाचं शहर आहे, तिथेही संत्रीच संत्री. तिथली एक मुलगी त्याच्यासोबत काम करायची, इनेस. तिच्याशी त्याने तिथेच कागदावर सह्या करून लग्न केलं आणि मग आईला फोन केला. मी शेजारीच होते. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पंचफुलाने एवढंच विचारलं, "संत्र्यातलं समजते काय तिले?"

"माझ्यापेक्षा जास्त समजते, आई."

"मंग ठीक."

दोघं परत आले आणि अकोल्याजवळ थोडी जमीन भाड्याने घेऊन त्यांनी कलमांचं काम सुरू केलं. इनेस दर रविवारी एस.टी.ने अमरावतीला सासूकडे यायची. उंच, हाडकुळी, नाकावर ठिपके. मराठी ती निखिलकडून शिकली, म्हणजे आपल्याचसारखी. "मी येऊन राहिली मावशी, जागा धरा." एकदा पुण्याची एक बाई गिऱ्हाईक म्हणून आली आणि तिचं बोलणं ऐकून हसायला लागली. म्हणाली, "अहो, 'येते आहे' म्हणावं." इनेसने तिला शांतपणे सांगितलं की तिच्या देशातही लोक असंच येऊन राहिले, जाऊन राहिले म्हणतात, आणि तिकडे कोणी हसत नाही. त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली.

आता खरी गोष्ट.

इनेसची आई, अंपारो, वालेन्सियात एकटीच असते. तिचाही नवरा नाही, तिलाही मूल एकच. मुलगी इतक्या दूर राहणार हे तिला पटलं नव्हतं. इनेसने ठरवलं होतं की हिवाळ्यात आईने यावं, घर बघावं, माणसं बघावी. आईचं मन बसलं तर इथे राहायचं. नाही बसलं तर निखिल आणि ती दोघंही स्पेनला जातील. हे निखिलने पंचफुलाला स्पष्ट सांगितलं होतं. त्या आठवड्यात पंचफुलाने संत्री मांडताना किडकं फळ वर ठेवलं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

येण्याआधी विहिणींची ओळख व्हावी म्हणून इनेसने बाजारातूनच फोनवर आईचा चेहरा दाखवला. पंचफुलाने पदर नीट केला. तिकडून विहीणबाईंनी एक पांढरा टेबलावरचा कपडा उचलून दाखवला. सगळा हाताने विणलेला, जाळीजाळीचा. त्यांच्या आईने केलेला, आता मुलीला देणार होत्या. मी पण मान वाकवून बघितला. भल्लं बारीक काम होतं.

पंचफुलाने तो कपडा बघितला, जशी ती संत्र्यांची पेटी बघते तसा. मग तिने तळहात वर केला आणि फिरवून उलटा केला. म्हणजे, उलटी बाजू दाखव.

माल घेताना आम्ही सगळ्या हेच करतो. वरची बाजू सगळ्यांचीच चांगली असते. पण तिकडे विहीणबाईंचा चेहरा एकदम बंद झाला आणि फोनही.

पुढच्या रविवारी इनेस आली ती लाल डोळ्यांनी.

"आई, माझी आई रडली. ती म्हणते, तुमाले आमचं काहीच पसंत नाई."

"काहून? म्या काय नाव ठेवलं?"

"तुमी काहीच नाई बोलल्या."

"वाईट नाई बोलली, म्हंजे चांगलंच हाये ना." पंचफुला खरंच चकरावली होती. "सुभद्रे, सांग ना इले."

मी म्हटलं, "हे तुयं-मायं ठीक हाये. तिकडच्या बाईले कसं समजन?"

इनेस म्हणाली, आई येईल तेव्हा तुम्ही निदान एक शब्द बोला, तिच्या भाषेत, तिच्या तोंडाकडे बघून. तिने 'किती सुंदर'चा शब्द सांगितला. पंचफुलाने नकार दिला. "मालाले सुंदर म्हनाची मले सवय नाई. जीभ वळत नाई."

इनेस संत्रं सोलत बसली. मग म्हणाली, "फ्लिपार."

"हे काय?"

हे स्पेनमधलं क्रियापद. पोरंसोरं जास्त वापरतात, पण तिची आईही म्हणते. फ्लिपार म्हणजे थक्क होणं, डोकं गरगरणं, येडं व्हायची पाळी येणं. मी थक्क झाले म्हणायचं असेल तर नुसतं "फ्लिपो". 

पंचफुलाने सौदा तपासावा तसा तो शब्द तपासला. "म्हंजे याच्यात माल चांगला हाये असं मी म्हनून नाई राहिली?"

"नाई. फक्त तुमाले काय झालं ते सांगून राहिल्या."

"भाव नाई वाढत?"

"नाई वाढत, आई."

"मंग दे," ती म्हणाली. "पन एक हाये. खोटं नाई म्हनीन मी. झालं तं म्हनीन, नाई झालं तं नाई."

मी चौथी शिकले, पंचफुला तेवढीही नाही. पण ते क्रियापद आम्ही दोघी पाढ्यांसारखं पाठ करत होतो. मी फ्लिपो, तू फ्लिपास, आपण फ्लिपामोस, आणि मी थक्क होऊन राहिली म्हणजे एस्तोय फ्लिपांदो. गिऱ्हाईक नसलं की ती मला विचारायची, "तू?" मी म्हणायची, "फ्लिपास." "आपून?" "फ्लिपामोस." शेजारचा केळीवाला म्हणायचा, "या बुढ्यायले काय झालं बाप्पा?" तिला शब्द यायला वेळ लागला नाही. अडचण वेगळीच होती. तिला थक्कच होता येत नव्हतं.

मी खूप प्रयत्न केले. नवीन पूल दाखवला. म्हणाली, "पूल हाये." मोर्शीच्या एका माणसाने हाताएवढी लांब वांगी आणली होती, ती दाखवली. म्हणाली, "भाजी बेचव होईन." परतवाड्याहून येणाऱ्या जीपमध्ये लोक कोंबलेले असतात, त्यात एक माणूस टपावर बसून, मांडीवर आरसा ठेवून दाढी करत आला. मी बोट दाखवलं. तिने बघितलं, विचार केला आणि म्हणाली, "खड्ड्यात गाडी आपटली तं कान जाईन." मी चिडून म्हटलं, "तू पंचफुला नाई, दगडफुला हाये." ती म्हणाली, "दगडाची फुलं असती तं तू कोथिंबिरीसंगं फुकट वाटली असती."

हिवाळ्यात विहीणबाई आल्या. ठेंगण्या, रुंद, पांढरे केस बारीक कापलेले. निखिल त्यांना अकोल्याला घेऊन गेला, दोन दिवसांनी अमरावतीला घेऊन आला. पंचफुलाने गोळाभात केला, वर फोडणीचं तेल, सोबत कढी. मलाही बोलावलं होतं, कारण तिला एकटीने बसायचा धीर नव्हता. असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "भात उरन, येजो."

विहीणबाई जेवल्या. चेहऱ्यावर काही नाही. आवडलं की नाही, देवाला ठाऊक. मला एकदम वाटलं, ही बाई कोणासारखी तरी वागून राहिली. पण कोणासारखी ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून तो कपडा काढला आणि पंचफुलाच्या मांडीवर ठेवला. निखिल आईकडे बघत होता, इनेस आईकडे बघत होती, म्हणजे तिच्या आईकडे. पंचफुलाने हात मांडीखाली दाबून धरले होते, पुन्हा उलटं करायला जाऊ नयेत म्हणून. तिचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, म्हण ना माय, एवढा एक शब्द म्हण.

"लय बारीक काम हाये," ती मराठीत म्हणाली.

पंचफुलाच्या तोंडून एवढं निघालं हे मोठंच होतं. पण ते मला आणि निखिलला कळलं. विहीणबाईंना इनेसने सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, कपडा परत पिशवीत ठेवला आणि चेन लावली.

स्वयंपाकघरात इनेस भांड्यांवर राग काढत होती. "एक शब्द होता आई. एकच."

"सुईचं काम म्या कधी केलं नाई," पंचफुला म्हणाली. "त्यातलं मले काय समजते? न समजता थक्क होऊ? मंग तुई माय म्हनन, ही बाई लबाड हाये."

"आता ती म्हनून राहिली का चल वापस."

पंचफुला कढईला लागलेला भात खरवडत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी माल घ्यायला निघाली तर विहीणबाई आधीच चपला घालून दारात उभ्या. मी पण येते, अशी खूण केली. इनेस डोळे चोळत मागून आली. मी बाजाराच्या रस्त्यावरच राहते, मलाही ऑटोत घेतलं.

लिलावाच्या जागेवर बंडू दलालाच्या पेट्या लागल्या होत्या. त्या मोसमात बंडूचा माल आम्हाला फसवत होता. वर बघावं तर मोठी फळं, पेटीच्या फटींतून बाजूने बघावं तरी मोठी. घरी नेऊन उपसली की आत लिंबाएवढी. पण आमच्याकडे लिलावाआधी पेटीत हात घालायचा नाही, असा कायदाच आहे. माल दबतो म्हणतात. कोणीही घालत नाही. पंचफुला तर कधीच नाही. ती नुसती डोळ्यांनी बघायची, आणि बंडूला तिच्या डोळ्यांचा हिशोब माहीत झाला होता.

विहीणबाईंना कायदा माहीत नव्हता. त्या वरच्या फळांकडे बघायलाही थांबल्या नाहीत. बाही वर सारली, पेटीच्या बरोबर मधोमध बोटं घातली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"अवो बाई! अवो, हात नाई घालत!" बंडू ओरडत आला.

विहीणबाईंनी आतून एक फळ काढून जमिनीवर ठेवलं. मग दुसरं, त्याच्याहून लहान. मग आणखी. मोठ्यापासून लहानापर्यंत अशी ओळ लावली, घरात मुलांना उभं करतात तशी. चेहरा सपाट. राग नाही, हसू नाही. शेवटचं सगळ्यात बारकं फळ त्यांनी बंडूच्या हातावर ठेवलं आणि त्याची बोटं त्यावर मिटवली. मग तळहात वर केला आणि फिरवून उलटा केला. पेटी उलटी कर.

पंचफुला माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला. अजून वळ आठवतो.

"फ्लिपो!" ती ओरडली. "फ्लिपो! सुभद्रे, फ्लिपामोस!"

तो आवाज बाजाराने कधी ऐकला नव्हता. हमाल थांबले. पंचफुलाचे डोळे एवढे मोठे झाले होते की मला वाटलं, हिला काही झालं की काय. पण ती बोलतच सुटली, अर्धं विहीणबाईंच्या भाषेत, अर्धं आपल्या. "कोपरापर्यंत! मधातून! तरीच मी म्हनते, हा बाजूच्या फटीले मोठी लावते! एस्तोय फ्लिपांदो, विहीनबाई! येडी होऊन राहिली मी!"

विहीणबाई वळल्या. आधी त्यांना कळेना की हीच का ती बाई. मग त्यांनी आपल्या उलट्या केलेल्या तळहाताकडे बघितलं, पंचफुलाकडे बघितलं, आणि इनेसला काहीतरी भराभरा विचारलं. इनेस हसत हसत खाली पेटीवर बसली. नंतर तिने आम्हाला सांगितलं. तिची आई आयुष्यभर तिकडच्या बाजारात फळांचं दुकान चालवत आली होती, आणि तिने विचारलं, "म्हणजे फोनवर ती माझ्या आईच्या कामाचा अपमान करत नव्हती? माल बघत होती?"

आई फळं विकते हे इनेसने आम्हाला आधी का सांगितलं नाही, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुमी विचारलंच नाई, मावशी. तुमी फक्त क्रियापद विचारून राहिल्या होत्या."

बंडूला पेटी उलटी करावी लागली. लोक जमले होते, काय करतो? त्या दिवसानंतर बंडूच्या मालाजवळ उभं राहून पोरंही फ्लिपो-फ्लिपो करायला लागली, आणि त्याच्या पेट्या मधूनही सारख्या यायला लागल्या.

घरी आल्यावर विहीणबाईंनी स्वतःच तो कपडा काढला आणि उलटा अंथरला. पंचफुला चष्मा लावून त्यावर वाकली. एकेक गाठ बोटाने चाचपली. मग डोकं वर न करता म्हणाली, "उलटी बाजू सुलटीपेक्षा साफ हाये." तेवढं इनेसने सांगितलं आणि विहीणबाईंनी पहिल्यांदाच दात दाखवले. दोघींच्या पुढच्या दातांत सारखीच फट होती.

परत जाण्याआधी त्या मुलीला काय म्हणाल्या तेही इनेसने मला सांगितलं. म्हणाल्या, "राहा इथे. ही बाई तुला गोड बोलणार नाही, आणि फसवणारही नाही. मला दोन्ही एकाच घरात मिळालेलं कधी दिसलं नाही." पंचफुलाला हे कळलं तेव्हा ती दुकानावर होती. तिने सगळी संत्री खाली काढली आणि पुन्हा मांडली. काही कारण नव्हतं.

पुढच्या वर्षी इनेसला मुलगी झाली आणि पंचफुलाने दुकान माझ्या स्वाधीन करून अकोल्याला मुक्काम हलवला. बारशाला मी गेले. परत यायला अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीत बसले, तर पंचफुला पोरीला कडेवर घेऊन गाडीतच चढली. मला वाटलं, मला निरोप द्यायला आली. मला तिने बघितलंही नाही. पुढच्या सीटपासून सुरू झाली.

"पाहा बाई, नख पाहा. इकडे पाहा भाऊ, पकड पाहा कशी हाये."

एक बाई म्हणाली, "गोरी हाये पोट्टी."

"गोरी सोडा वो! ताकत पाहा! बोट द्या, बोट द्या तिले."

पोरीला सर्दी होती आणि तिचं नाक वाहत होतं. त्याचं पंचफुलाला काही नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा, गाडी सुटून राहिली." तिने त्याचंच बोट पोरीच्या मुठीत दिलं. तो थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला, मग म्हणाला, "खरंच बे, सोडत नाई." तेव्हा कुठे ती खाली उतरली.

आता माझे गुडघे अकोल्यापर्यंत जाऊ देत नाहीत, त्यामुळे तिला मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. गाडी वळली आणि मी खिडकीतून हात हलवला. तिची पाठ माझ्याकडे होती. पलीकडे दर्यापूरच्या गाडीसाठी लोक रांगेत उभे होते, आणि ती पोरीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून त्या रांगेच्या पहिल्या माणसापर्यंत पोहोचली होती.